दोन टक्के पालाश

मागच्या श्रावणातल्या एका सोमवारी संध्याकाळी साताऱ्याहून मावशींचा फोन आला. मावशी म्हणजे आईकडे धुण्याभांड्याला येणाऱ्या बाई. गेली चौदा वर्षे त्या या घरात येत आहेत आणि आईच्या तब्येतीतला फरक माझ्या आधी त्यांच्या लक्षात येतो. "ताई, आईंना उठता येईना झालंय. देवापुढं दिवा लावायला खाली बसल्या आणि आता पायच उचलंना गेलेत," असे त्या म्हणाल्या. पुण्याहून निघून साताऱ्याला पोहोचायला अडीच तास लागले आणि त्या अडीच तासांत पक्षाघातापासून मणक्याच्या विकारापर्यंत जे जे मला ठाऊक होते ते सगळे मी मनातल्या मनात आईला लावून पाहिले. रक्तातल्या पोटॅशियमचा विचार मात्र एकदाही मनात आला नाही.

रात्री साडेनऊला रक्ताचा अहवाल हातात आला. त्यात पोटॅशियमच्या पुढे २.७ हा आकडा होता. लिटरमागे ३.५ ते ५ मिलिमोल हे प्रमाण सर्वसाधारण मानतात. हृदयाच्या आलेखात टी नावाची लहर चपटी झाली होती आणि तिच्या मागे एरवी क्वचितच दिसणारी एक लहानशी जादा लहर उमटली होती. ते दोन्ही बदल डॉक्टरांनी मला बोट ठेवून दाखवले. मग खुर्ची ओढून ते आईच्या उशाशी बसले आणि त्यांनी तीन गोष्टी विचारल्या. रक्तदाबाची गोळी कोणती, हे पहिले. ती लघवी वाढवणारी, क्लोरथॅलिडोनची गोळी होती आणि उन्हाळ्यात तिची मात्रा वाढवलेली होती. दुसरे विचारले, "आजी, रात्री काय जेवता?" आई म्हणाली, "रात्री भूकच नसते हो. चहा आणि खारी घेते. सोमवारी-शनिवारी तर उपासच असतो." तिसरा प्रश्न चहा किती वेळा होतो, असा होता. आईने तीन-चार वेळा असे सांगितले. पायथ्याशी उभ्या असलेल्या मावशी हलकेच म्हणाल्या, "अकरा. कपबश्या मीच धुते की."

त्या अकरा कपांचे ओझे मी बरेच दिवस वाहिले. चहाने आईला आडवे केले, असे मी घरातल्या सगळ्यांना सांगत सुटले होते. कॅफीनने पोटॅशियम उतरते हे एका ठिकाणी वाचले आणि तेवढ्यावर माझा निकाल लागला. पुढे त्या विषयातले मूळ संशोधन जसजसे वाचत गेले, तसतसा तो निकाल किती घाईचा होता हे उमगू लागले. ते सगळे सविस्तर लिहावेसे वाटते, कारण आपल्याकडे चहा सोडायला सांगणारे पुष्कळ भेटतात, पण चहा शरीरात जाऊन नेमके काय करतो हे सांगणारे फार थोडे.

पोटॅशियमला मराठीत पालाश म्हणतात, हे शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्या कुणालाही वेगळे सांगावे लागत नाही. वडिलांच्या उसाला लागणाऱ्या खताच्या गोण्यांवर नत्र, स्फुरद आणि पालाश हे तीन शब्द मी अक्षरओळख झाल्यापासून वाचत आले. पालाश कमी पडले की पानांच्या कडा करपतात, हे वडील शेतातच दाखवत. वनस्पती जाळली की तिच्यातले पालाश राखेत उरते. राखेतून काढलेल्या अशाच क्षारावर हम्फ्री डेव्हीने १८०७ साली विजेचा प्रयोग केला आणि पोटॅशियम धातू पहिल्यांदा सुटा झाला. उसाच्या पानातले पालाश आणि आईच्या मांडीच्या स्नायूतले पालाश एकच आहे. ते राहते कुठे, हे एकदा समजले की पुढची सगळी गोष्ट समजते.

ते पेशींच्या आत राहते. साधारण ७० किलो वजनाच्या माणसाच्या अंगात १३०-१४० ग्रॅम पोटॅशियम असते आणि त्यातले सुमारे ९८ टक्के पेशींच्या आत, मुख्यतः स्नायूंमध्ये, साठलेले असते. रक्तात आणि पेशींच्या भोवतालच्या पाण्यात मिळून उरते ते फक्त दोन टक्के. नुसत्या रक्तद्रवाचा हिशोब केला तर त्यातले पोटॅशियम अर्ध्या ग्रॅमच्याही आत भरते. आत दाट आणि बाहेर विरळ हा फरक टिकला, तरच मज्जातंतूतून संदेश जातो, स्नायू आकसतो आणि हृदयाचा ठोका पडतो. हा फरक आपोआप टिकत नाही. पेशीच्या आवरणात बसलेले प्रथिनाचे पंप सतत चालू असतात. प्रत्येक फेरीत ते तीन सोडियम बाहेर टाकतात आणि दोन पोटॅशियम आत घेतात. येन्स स्कौ या डॅनिश शास्त्रज्ञाने खेकड्याच्या मज्जातंतूंवर काम करून १९५७ साली या पंपाचा शोध जाहीर केला आणि त्यासाठी त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले ते १९९७ साली, म्हणजे चाळीस वर्षांनी.

याचा अर्थ असा की रक्ताच्या अहवालातला आकडा त्या दोन टक्क्यांचा असतो. कोठार भरलेले असूनही हा आकडा खाली येऊ शकतो, कारण बाहेरचे थोडे पोटॅशियम आत सरकले तरी तेवढे पुरते. आणि कोठार रिते होत चालले असतानाही तो काही काळ ठीक दिसू शकतो. पोटॅशियम कमी आहे असे कळले की पहिला प्रश्न हाच विचारावा लागतो की ते शरीरातून गेले आहे की शरीरातच जागा बदलून बसले आहे. कॅफीनविषयीचे सगळे संशोधन या एका प्रश्नाभोवती फिरते.

कॅफीन थेट पोटॅशियमला हात लावत नाही. ॲडेनोसिन नावाचा एक पदार्थ शरीरात सतत तयार होत असतो आणि तो पेशींना शांत करतो. कॅफीन त्याच्या जागी जाऊन बसते आणि त्याला काम करू देत नाही. ॲडेनोसिनचा हा लगाम सुटला की ॲड्रेनलिनसारखी उत्तेजक द्रव्ये वाढतात. १९७८ साली डेव्हिड रॉबर्टसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॉफी न पिणाऱ्या नऊ निरोगी तरुणांना २५० मिलिग्रॅम कॅफीन दिले, तेव्हा रक्तातले ॲड्रेनलिन २०७ टक्क्यांनी आणि नॉरॲड्रेनलिन ७५ टक्क्यांनी वाढलेले आढळले. ॲड्रेनलिनमुळे पोटॅशियम उतरते हे तर त्याच्याही कितीतरी आधी, १९३० च्या दशकातच, प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसले होते. माणसात ते कोणत्या वाटेने घडते हे १९८३ साली मॉरिस ब्राऊन आणि सहकाऱ्यांनी दाखवले. स्वयंसेवकांच्या शिरेतून त्यांनी ॲड्रेनलिन सोडले, तेव्हा पोटॅशियम सुमारे ०.८ मिलिमोलने खाली आले. आणि पेशींवरचे बीटा-२ नावाचे ग्राहक, म्हणजे ॲड्रेनलिनचा निरोप घेणारी प्रथिने, औषधाने आधीच बंद करून ठेवले, तेव्हा ही घसरण थांबली. हे ग्राहक जागे झाले की स्कौंचा तो पंप वेग घेतो आणि बाहेरचे पोटॅशियम स्नायूंच्या आत ओढले जाते. बाहेर काहीच सांडत नाही. फक्त जागा बदलते.

मला यातला सगळ्यात आवडलेला प्रयोग कॅनडातल्या ग्वेल्फ विद्यापीठातला आहे. आपण धावतो तेव्हा काम करणाऱ्या स्नायूंतून पोटॅशियम बाहेर झिरपते आणि रक्तातले प्रमाण चढते. स्नायू थकण्यामागे हेही एक कारण असावे असे मानतात. लिंडिंगर, ग्रॅहम आणि स्प्रिट यांनी १९९३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसले की आधी कॅफीन घेतले असेल तर व्यायामातला हा चढ कमी होतो. म्हणजे रुग्णाच्या बाबतीत ज्याची भीती वाटते तीच गोष्ट धावपटूच्या बाबतीत कदाचित उपयोगाची ठरते. एकच क्रिया, पण तिचा अर्थ ती कुणाच्या अंगात घडते यावर ठरतो.

दुसरी वाट मूत्रपिंडाची. कॅफीनमुळे मूत्रपिंडाच्या सुरुवातीच्या नळीत सोडियम पुरेसे परत शोषले जात नाही. ते पुढच्या नळीत जास्त पोहोचते आणि तिथे सोडियम परत घेताना बदल्यात पोटॅशियम सोडावे लागते. आईची रक्तदाबाची गोळीही याच नळीच्या आसपास आपले काम करते. या वाटेने गेलेले पोटॅशियम मात्र खरोखरच गेलेले असते. ते कोठारातून वजा होते.

इथपर्यंत वाचून माझा निकाल पक्काच होत होता. तेवढ्यात सवयीचा मुद्दा समोर आला. रॉबर्टसन यांनीच १९८१ साली पुढचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात लोकांना दिवसातून तीन वेळा २५० मिलिग्रॅम कॅफीन आठवडाभर देत राहिले. पहिल्या एक ते चार दिवसांतच शरीर त्याला इतके सरावले की ॲड्रेनलिन आणि रक्तदाब यांच्यातली वाढ जवळजवळ नाहीशी झाली. लघवीच्या बाबतीत हा सराव तर एडी आणि डाउन्स यांनी १९२८ सालीच नोंदवला होता. २०१४ साली इंग्लंडमध्ये कॉफीची सवय असलेल्या पन्नास पुरुषांना एका खेपेस रोज चार कप कॉफी आणि दुसऱ्या खेपेस तेवढेच पाणी दिले गेले. त्यांच्या शरीरातल्या पाण्याच्या मोजमापांत दोन्ही खेपांत ठळक फरक आढळला नाही. माझी आई पन्नास वर्षे रोज चहा पीत आली आहे. पहिल्यांदाच कॅफीन घेणाऱ्या तरुणाच्या अंगात जे घडते ते तिच्या अंगात त्याच जोराने घडेल, असे गृहीत धरण्याचा मला काहीच अधिकार नव्हता.

मग ज्यांच्या बाबतीत खरोखर अनर्थ ओढवला, त्यांच्या नोंदी वाचणे भाग होते. जपानमधली ६१ वर्षांची एक स्त्री रोज दोन ते तीन लिटर ऊलाँग चहा पीत असे. तिचे पोटॅशियम उतरले, हृदयाची लय बिघडली आणि ती बेशुद्ध होऊन पडली. तिची नोंद १९९९ साली प्रसिद्ध झाली. सवय तिलाही होतीच. पण तिला संधिवाताचा आणि डोळे-तोंड कोरडे पाडणारा श्योग्रेनचा विकार होता आणि रक्तातले अल्ब्युमिन हे प्रथिनही कमी होते. अल्ब्युमिनला बांधलेले कॅफीन निष्क्रिय असते. अल्ब्युमिन कमी झाले की मोकळे कॅफीन वाढते. ऑस्ट्रेलियात शहामृगांची शेती करणारा एक माणूस रोज कित्येक लिटर कोला पीत होता आणि स्नायूंतले बळ गेल्याने रुग्णालयात पोहोचला; त्याची हकिकत २००४ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आली. ग्रीसमधल्या योआनिना विद्यापीठाच्या मोझेस एलिसाफ आणि सहकाऱ्यांनी २००९ साली अशा नोंदी एकत्र केल्या. त्यांतली माणसे दिवसाला दोनपासून नऊ लिटरपर्यंत कोला पिणारी होती. त्यांत गरोदर बायकाही होत्या. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत कॅफीन शरीरातून निघायला एरवीच्या सुमारे तिप्पट वेळ घेते. निम्मे कॅफीन उतरायला पाच तास लागतात तिथे पंधरा तास लागतात, म्हणून सकाळचा पेला उतरायच्या आधीच संध्याकाळचा येऊन मिळतो.

एलिसाफ यांच्या लेखातला विवेक मला फार मोलाचा वाटला. त्यांनी सगळे कॅफीनवर ढकलले नाही. कोलात ढीगभर साखर असते. साखरेपाठोपाठ इन्शुलिन वाढते आणि इन्शुलिनही पोटॅशियमला पेशींच्या आत ढकलते. न पचलेल्या फ्रुक्टोजने जुलाब होतात आणि त्यातूनही पोटॅशियम वाहून जाते. म्हणजे कॅफीन काढून टाकलेला कोलाही त्या प्रमाणात निर्धोक ठरत नाही. हे वाचताना मला आईचा चहा आठवला, कारण तिला चहात दोन चमचे साखर लागते.

शेवटी मी वही घेऊन बसले. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या मार्गदर्शिकेत १५० मिलिलिटरच्या एका कप चहात ३० ते ६५ मिलिग्रॅम कॅफीन धरले आहे आणि दिवसाला ३०० मिलिग्रॅमची मर्यादा सांगितली आहे. आईचा कप लहान, शंभर मिलिलिटरचा. अकरा कपांचे कॅफीन २२० ते ४७५ मिलिग्रॅमच्या दरम्यान कुठेतरी बसते. ती चहा चांगला उकळून कडक करते, तेव्हा मर्यादा ओलांडली जात असावी हे मी मान्य करते. पण दोन-तीन लिटर ऊलाँग किंवा नऊ लिटर कोला यांच्या पंगतीला ते बसत नाही.

त्याच पानावर मी दुसरा हिशोब मांडला आणि माझा हात थांबला. शंभर मिलिलिटर दुधात साधारण १५० मिलिग्रॅम पोटॅशियम असते, तेवढ्याच कोऱ्या चहात पस्तीसेक. एक तृतीयांश दूध घातलेल्या आईच्या एका कपात ७० ते ७५ मिलिग्रॅम आले. अकरा कपांचे झाले सुमारे ८००. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढ माणसाला दिवसाला किमान ३५१० मिलिग्रॅम पोटॅशियम अन्नातून मिळायला हवे. आईच्या सोमवारच्या ताटात काय होते? सकाळी चहा, दुपारी वाटीभर भगर आणि चहा, संध्याकाळी चहा, रात्री पुन्हा चहा. उपवासाला चहा चालतो, म्हणून भूक लागली की ती चहा टाकत असे. एरवीच्या रात्री खारी, म्हणजे मैदा आणि तूप. दाताची कवळी टोचत होती म्हणून पालेभाजी, उसळ आणि कोशिंबीर ही ताटातून कधीच हद्दपार झाली होती आणि ते तिने मला सांगितले नव्हते. फोनवर मी रोज विचारत असे, "जेवलीस का?" आणि ती रोज "हो" म्हणत असे. ज्या चहावर मी आळ घेत होते, त्या दिवसांत आईच्या पोटात जाणाऱ्या पालाशाचा बहुधा सगळ्यात मोठा वाटा त्या चहातूनच येत होता.

लघवीची तपासणी दुसऱ्या दिवशी आली. शरीरात पोटॅशियम तुटपुंजे असते तेव्हा निरोगी मूत्रपिंड हात आखडते घेतात आणि लघवीत ते फारच थोडे सापडते. आईच्या लघवीत ते भरपूर होते. म्हणजे कोठार रिते होत असतानाही मूत्रपिंडातून गळती चालूच होती. मुख्य कारण ती गोळी होती, असे डॉक्टरांनी सांगितले. गोळीने काढले, ताटाने भरून दिले नाही, आणि चहाने, साखरेने, उपवासाने आपापला हात लावला. मॅग्नेशियमही कमी निघाले. ते भरल्याशिवाय पोटॅशियम टिकत नाही, म्हणून दोन्ही द्यावे लागले. शिरेतून पोटॅशियम फार सावकाश द्यावे लागते, कारण ते घाईने गेले तर हृदय थांबू शकते. रात्रभर यंत्राचे ठोके ऐकत मी त्या बाटलीकडे बघत बसले होते. घरी आल्यावर पोटॅशियम क्लोराईडचे ते खारट-कडू सिरप पेलाभर पाण्यात मिसळून आई डोळे मिटून घेत असे.

कॅफीन आणि हृदय यांच्याविषयी भीती घालणाऱ्यांना २०२३ सालचा एक अभ्यास सांगावासा वाटतो. कॅलिफोर्नियातल्या ग्रेगरी मार्कस आणि सहकाऱ्यांनी शंभर माणसांच्या छातीवर चौदा दिवस नोंदयंत्र लावून, कॉफी कोणत्या दिवशी प्यायची आणि कोणत्या दिवशी नाही हे रोज चिठ्ठी टाकल्यासारखे ठरवून दिले. हृदयाच्या वरच्या कप्प्यांतले जादा ठोके कॉफीमुळे वाढले नाहीत. खालच्या कप्प्यांतले जादा ठोके मात्र दिवसाला सरासरी १०२ ऐवजी १५४ झाले, झोप ३६ मिनिटांनी घटली आणि चालणे दिवसाला सुमारे हजार पावलांनी वाढले. निरोगी माणसाच्या संदर्भात हे आकडे एकमेकांशेजारी ठेवूनच वाचायला हवेत. ज्याचे पोटॅशियम आधीच २.७ आहे, त्याच्या हृदयाला ते पन्नास जादा ठोके कसे झेपतील, हा वेगळा प्रश्न आहे, आणि आईपुरता तोच माझा प्रश्न होता.

या कहाणीला दुसरी बाजू आहे आणि तीही आमच्याच घरातली आहे. आईचा धाकटा भाऊ, माझा मामा, चार वर्षांपासून आठवड्यातून तीनदा डायलिसिसवर आहे. आईच्या अंगात पालाश टिकत नाही आणि मामाच्या अंगातून ते बाहेर पडत नाही. त्याला कॉफीची आवड होती. मोठ्या कपभर कॉफीत सव्वाशेच्या आसपास मिलिग्रॅम पोटॅशियम असते, दूध घातले की आणखी वाढते. निरोगी माणसाच्या दृष्टीने ते नगण्य आहे, पण ज्याच्या मूत्रपिंडांनी काम सोडले आहे त्याला दिवसाच्या ठरलेल्या प्रमाणातून तेवढे वजा करावे लागते. कॅफीन पोटॅशियम उतरवते म्हणून कॉफी त्याला चालेल का, असे एकदा मामीने विचारले होते. प्रश्न बिनचूक होता. पण कॅफीनने पोटॅशियम पेशींच्या आत तात्पुरते सरकते आणि कॅफीन उतरले की बाहेर येते. कपातून आलेले पोटॅशियम मात्र मुक्कामाला राहते.

दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात मामा गुहागरला एका लग्नाला गेला. एक डायलिसिस चुकले आणि उन्हाच्या तलखीत त्याने दोन शहाळी प्यायली. एका शहाळ्यात सहज पाच-सहाशे मिलिग्रॅम पोटॅशियम असते. परतल्यावर त्याचे पोटॅशियम ६.८ होते आणि आईच्या आलेखात जी लहर चपटी होती, तीच त्याच्या आलेखात तंबूसारखी टोकदार उभी होती. हृदयाच्या रक्षणासाठी आधी कॅल्शियम दिले, मग ग्लुकोजबरोबर इन्शुलिन, आणि मग त्याच्या तोंडाला दम्याच्या रुग्णासारखा वाफाऱ्याचा मुखवटा लावला. दमा नसलेल्या माणसाला साल्ब्युटामॉल का देतात, हे मला तेव्हा समजले नाही. ते समजले आईच्या त्या श्रावणानंतर, ब्राऊन यांचा १९८३ चा अभ्यास वाचताना. साल्ब्युटामॉल बीटा-२ ग्राहकांना जागे करते, पंपाला वेग येतो आणि रक्तातले जादा पोटॅशियम स्नायूंच्या आत जाते. डायलिसिसचे यंत्र मोकळे होईपर्यंत तेवढा वेळ मिळतो. इन्शुलिनही तेच करते. कॅफीन ज्या दाराची कडी काढते, तेच दार त्या रात्री मामाला वाचवण्यासाठी मुद्दाम उघडले होते.

त्या दाराचा धोका कॅफीनच्या विषबाधेत दिसतो. कॅफीनची शुद्ध पावडर किंवा गोळ्या एकदम काही ग्रॅम पोटात गेल्या तर पोटॅशियम झपाट्याने कोसळते. उपचार करणाऱ्याने ते गेलेच आहे असे समजून भरमसाट पोटॅशियम ओतले, तर कॅफीन उतरल्यावर आत सरकलेले सगळे एकदम बाहेर येते आणि आकडा धोक्याच्या वरच्या रेषेपलीकडे जातो. अहवालात दिसणारा आकडा एकच असतो, तो २.७ का झाला, हे जाणून न घेता त्याच्यावर इलाज करणे म्हणजे अंधारात हात घालणे होय. वरच्या आकड्याचेही तसेच आहे. मामाचा एक अहवाल ६.१ आला, सगळ्यांची धावपळ उडाली आणि पुन्हा रक्त घेतल्यावर तो ४.९ निघाला. पहिल्या नमुन्यातल्या लाल पेशी नळीतच फुटल्या होत्या आणि त्यांच्या आतले पोटॅशियम द्रवात मिसळले होते. रक्त घेताना दंडाचा पट्टा फार वेळ आवळून ठेवला किंवा मूठ सारखी उघडझाक केली, तरी आकडा फुगतो.

आईची गोळी बदलली. कवळी नीट करून घेतली. श्रावण संपून गणपती यायच्या आत तिचे पोटॅशियम ४.१ झाले आणि दिवा लावून ती कुणाचा हात न धरता उठू लागली. चहा पूर्ण सोडण्याचा माझा आग्रह मीच मागे घेतला. दिवसाला चार कप ठरले, तेही जेवणाच्या आधी-नंतर तासभर सोडून, कारण अन्नातले लोह शरीरात मुरायला चहा आड येतो. अट घातली ती एकच, की रात्री ताट वाढून घ्यायचे. आता मी फोनवर "जेवलीस का" असे विचारत नाही. "काय जेवलीस" असे विचारते.

भाऊबीजेला मामा-मामी साताऱ्याला आले. मामाच्या भाज्या करायची मामीची रीत ठरलेली आहे: बटाटा, लाल भोपळा, जे काही असेल ते बारीक चिरायचे, भरपूर पाण्यात उकळायचे, आणि पाणी ओतून देऊन मग फोडणीला टाकायचे. भाजीतले बरेचसे पालाश त्या पाण्यात उतरते. मामीने पातेले उचलून मोरीकडे नेले, तेव्हा आई आमटीला फोडणी देत होती. "अगं, थांब. ते पाणी ओतू नकोस," ती म्हणाली, "ते मला चालतं. इकडं दे."

मामीने पातेले ओट्यावर ठेवले आणि आईने भोपळ्याचे ते पिवळसर पाणी गाळून आमटीत घातले.